चूक इंग्रजीची, वळण मराठीचे
पदवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाक्यरचना शिकवताना मराठी व्याकरणाचा आधार का घ्यावा?

'आय डिड नॉट वेन्ट टू कॉलेज येस्टरडे.' पदवीच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याच्या वहीतील हे वाक्य आहे. ते वाचून बहुतेक शिक्षक लाल शाईने 'वेन्ट' खोडतात, त्यावर 'गो' लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. विद्यार्थी दुरुस्ती उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा करतो. मग शिक्षक म्हणतात, मुलांचे लक्ष नाही. मुले म्हणतात, आमच्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही. वस्तुतः दोघांचेही निदान चुकलेले असते.

गारखेडा परिसराला लागून असलेले पुंडलिकनगर ही छत्रपती संभाजीनगरातील दाट वस्ती. विद्यापीठ येथून दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तरीही शिकण्यासाठी जालना, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आलेली मुले या भागात खोल्या करून राहताना दिसतात. प्रस्तुत लेखकाने अशा काही मुलांना संध्याकाळी घरीच इंग्रजी वाक्यरचना शिकवली. त्यांत अंबड तालुक्यातील एक विद्यार्थी होता. इतिहास हा त्याचा विषय. पैठणच्या सातवाहनांवर तो मराठीत तासभर बोलू शकत असे. पण ग्रंथालयाला इंग्रजीतून चार ओळींचा अर्ज लिहायचा म्हटले की तो मित्राच्या खोलीकडे धाव घेई. एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंग्रजीतून आला, तेव्हा उत्तर ठाऊक असूनही तो गप्प बसला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, त्यांना वाटले मला इतिहास येत नाही."

त्याच्या या एका वाक्यात प्रश्नाचे सारे गांभीर्य आले. इंग्रजी न येणे हे बुद्धी नसण्याचे लक्षण मानले जाते आणि हळूहळू तो विद्यार्थीही तसेच मानू लागतो.

बारा वर्षांचे शिक्षण, तरीही वाक्य अडते

महाराष्ट्रात मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. मग अडते कोठे?

शाळेत व्याकरण मुख्यतः रूपांतराच्या प्रश्नांतून शिकवले जाते. दिलेल्या वाक्याचा प्रयोग बदला, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करा, प्रश्नार्थक करा. या प्रश्नांत वाक्य आधीच तयार असते आणि विद्यार्थ्याने त्याची केवळ फिरवाफिरव करायची असते. त्याचे सूत्र पाठ होते, गुणही मिळतात. परंतु कोरा कागद समोर ठेवून 'तुमच्या गावाविषयी पाच वाक्ये लिहा' असे सांगितले की सूत्र उपयोगी पडत नाही, कारण येथे पहिले वाक्यच स्वतः घडवायचे असते. अशा वेळी विद्यार्थी मनातले मराठी वाक्य उचलतो आणि शब्दागणिक इंग्रजी शब्द बसवतो. हे अपरिहार्य आहे. मनात जी भाषा आहे तिच्याच साच्यात माणूस विचार ओततो.

मराठवाड्याच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम मराठी नव्हते. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले, इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. ज्यांच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा हजारो मुलांसाठी ही दारे उघडली. आजही वर्गातील अनेक जण आपल्या घरातील पहिले पदवीधर होणार असतात. घरी इंग्रजीतली चूक सांगणारे कोणी नसते. जे काही समजायचे ते वर्गातच समजले पाहिजे.

देशी भाषेच्या आधाराने इंग्रजी उलगडण्याची परंपरा या शहराला नवी नाही. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय दीर्घकाळ येथेच होते आणि तिचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ साली येथूनच प्रसिद्ध झाला. मराठी घरांतून तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यानपिढ्या हेच काम केले. पुढे 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे' असा आग्रह वाढला आणि मराठीचा आधार घेणे कमीपणाचे ठरले. त्यात जे हातचे गेले, ते काय होते हे काही उदाहरणांवरून पाहू.

जागेला महत्त्व कोठे?

'सुनीताने गौरीला बोलावले' आणि 'गौरीला सुनीताने बोलावले' या दोन्ही वाक्यांत बोलावणारी सुनीताच आहे. शब्दांची जागा बदलली तरी 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय आपापले काम सोडत नाहीत. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत, म्हणून ते काम जागेवर सोपवले आहे. 'सुनीता कॉल्ड गौरी' आणि 'गौरी कॉल्ड सुनीता' ही दोन निरनिराळी वाक्ये होतात. क्रियापदाच्या आधी कर्ता आणि नंतर कर्म, ही तेथील शिस्त आहे. मराठीत जे काम विभक्ती करते, ते इंग्रजीत क्रम करतो, एवढे एक वाक्य समजले तरी विद्यार्थी क्रियापद शेवटी ढकलणे थांबवतो.

याच कारणाने इंग्रजीला कर्ता गाळता येत नाही. 'काल आलो' एवढे म्हटले की मराठी माणसाला कर्ता कळतो, कारण क्रियापदातच तो दडलेला आहे. इंग्रजी 'केम' वरून कोण आला हे कळत नाही. म्हणून तेथे 'आय' हवाच. 'पाच वाजले', 'खूप ऊन आहे' अशा वाक्यांत खरा कर्ता नसला तरी इंग्रजी 'इट' हा शब्द आणून ती जागा भरते. रिकामी खुर्ची तिला चालत नाही.

'नाही' आणि 'डिड नॉट'

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. मराठीत 'तो गेला' याचे नकारार्थी रूप 'तो गेला नाही'. भूतकाळ 'गेला' या रूपात होता, तेथेच राहिला. 'नाही' मागून येऊन उभे राहिले. विद्यार्थी नेमके हेच करतो. 'वेन्ट' तसेच ठेवतो आणि नकार जोडतो. त्याच्या मराठीच्या कानाला ते पूर्ण बरोबर वाटते.

इंग्रजीत मात्र काळाची खूण एकदाच लागते आणि ती पुढे उभ्या असलेल्या सहायक क्रियापदाकडे जाते. 'डू'चे 'डिड' झाले की भूतकाळ त्याने उचलला. मागच्या क्रियापदाने आपल्या मूळ रूपात यायचे. 'ही गोज' मधील 'स'चेही तसेच. नकारात तो 'डझ'कडे जातो, म्हणून 'ही डझ नॉट गो'. प्रश्नातही हाच नियम: 'डझ ही गो?', 'डिड ही गो?' ओझे एक आहे आणि ते पुढच्याने उचलायचे आहे, हे फळ्यावर दाखवले की नकार आणि प्रश्न हे दोन वेगळे धडे राहत नाहीत.

तृतीयपुरुषी 'स'चा बाऊ तर मुळीच करू नये. 'करणे' या एका क्रियापदाची साध्या वर्तमानकाळात करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात अशी सहा रूपे मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच बिनचूक वापरते. इंग्रजीत त्या जागी दोनच आहेत. सहा सांभाळणाऱ्याला दोन जड जाण्याचे कारण नाही. फक्त कोणीतरी ते त्याला दाखवून द्यावे लागते.

एकच नाव, दोन गोष्टी

परिभाषेमुळे होणारा घोटाळा याहून खोल आहे. 'मी पुस्तक वाचले' या वाक्यात क्रियापद कर्मानुसार चालते. पुस्तकाऐवजी कादंबरी घातली की 'वाचली' होते. म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या तासाला 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणी प्रयोग असे सांगितले जाते. साहजिकच प्रामाणिक विद्यार्थी समजतो की या वाक्याचे इंग्रजी पॅसिव्हमध्ये केले पाहिजे. वास्तविक त्याचे इंग्रजी 'आय रेड अ बुक' असे साधे, कर्तरी आहे. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी वाक्य म्हणजे 'पुस्तक माझ्याकडून वाचले गेले'. मराठीत ते क्वचित बोलले जाते. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून प्रयोगविचारावर मराठीत केवढा ऊहापोह झाला आहे! त्यातला हा एक मुद्दा इंग्रजीच्या वर्गात सांगितला तर एका तासात धुके निवळते.

'मला'चे किती प्रकार

मला भूक लागली, मला चहा आवडतो, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आला, मला पोहता येते. अनुभव, आवड, नाते, आजार आणि कौशल्य या सर्व ठिकाणी मराठी माणूस स्वतःला 'ला' लावून बाजूला उभा राहतो. भूक येऊन लागते, ताप येऊन चढतो. आपण काही करीत नाही. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी माणूस कर्त्याच्या जागी बसतो: आय ॲम हंग्री, आय लाइक टी, आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ फीव्हर, आय कॅन स्विम. 'मला' या एकाच शब्दाने सुरू होणारी वीस मराठी वाक्ये घेऊन त्यांची इंग्रजी रूपे करून पाहणे हा फार फलदायी अभ्यास आहे.

मुलगी पाहणे आणि मुलीला पाहणे

'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती आपल्याला कधीच येणार नाहीत, असा एक समज आहे. उपपदे नाहीत हे खरे, पण त्यामागची कल्पना मराठीला परकी नाही. 'आम्ही मुलगी पाहायला गेलो' असे कोणी म्हटले तर घरात लग्नाची बोलणी चालू आहेत हे लगेच कळते. 'आम्ही मुलीला पाहायला गेलो' म्हटले तर ती मुलगी ठरलेली, ओळखीची आहे; कदाचित ती दवाखान्यात असेल. एका 'ला'ने केवढा फरक पडला! पहिल्या वाक्यात इंग्रजी 'अ' घालील, दुसऱ्यात 'द'. ऐकणाऱ्याला कोणती ते ठाऊक नाही तेव्हा 'अ', ठाऊक आहे तेव्हा 'द', हा मूळ नियम. त्याला अपवाद पुष्कळ आहेत आणि ते वाचनानेच अंगवळणी पडतात. पण पाया मराठीतच सापडतो.

'पासून' आणि 'होतो'

'मी तीन वर्षांपासून येथे राहतो.' मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो. म्हणून विद्यार्थी लिहितो, 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.' यात दोन चुका आहेत. भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेला इंग्रजी वेगळे रूप देते: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर.' शिवाय मराठीच्या एका 'पासून'ची तेथे दोन घरे होतात. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स', जसे २०२२ पासून. कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', जसे तीन वर्षे.

याउलट 'मी काल गेलो होतो' हे मराठीत सहज म्हटले जाते, म्हणून 'आय हॅड गॉन येस्टरडे' लिहिले जाते. इंग्रजीत 'हॅड' तेव्हाच येतो, जेव्हा भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती ते सांगायचे असते. एकच घटना असेल तर 'आय वेन्ट येस्टरडे' पुरेसे आहे.

जोडशब्दांचेही असेच. जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो या जोड्या मराठी वाक्याला तोल देतात. म्हणून 'ऑल्दो' लिहिल्यावर पुढे 'बट' आपोआप येतो. इंग्रजीत जोडीतला एकच पुरतो, दुसरा काढून टाकायचा.

चुकांकडे पाहण्याची दृष्टी

दोन भाषांची अशी शेजारी शेजारी तुलना करण्याच्या पद्धतीला भाषाविज्ञानात मोठा आधार आहे. रॉबर्ट लॅडो या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ साली आपल्या पुस्तकातून तिची मांडणी केली. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी पुढचे पाऊल टाकले. शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात चाललेल्या नियमरचनेची खूण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. सर्वच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत, हेही पुढील संशोधनात दिसून आले. इंग्लंडमधील लहान मुलेसुद्धा 'वेन्ट'ऐवजी 'गोड' म्हणतात, कारण 'एड' लावण्याचा नियम त्यांना सापडलेला असतो. चूक म्हणजे दर वेळी अज्ञान नव्हे; पुष्कळदा ती अर्धवट सापडलेला नियम असते. शिक्षकाने ती खोडण्याआधी वाचली पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे दोन रकान्यांची वही. डाव्या बाजूला मनात आलेले मराठी वाक्य, उजव्या बाजूला लिहिलेले इंग्रजी. चूक झाली की ती मराठीच्या कोणत्या वळणातून आली, ते विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे.

दुसरी, एक क्रियापद आणि अनेक वाक्ये. 'गो' घेतले तर त्याचे होकारार्थी, नकारार्थी आणि प्रश्नार्थक रूप तीनही काळांत तोंडी म्हणायचे. पंधरा मिनिटांत एक क्रियापद हाती येते.

तिसरी, लहान वाक्ये आधी. आपल्या गावावर, शेतीवर, बसच्या प्रवासावर पाच-सहा शब्दांची वाक्ये लिहावीत. ती निर्दोष झाल्यावर मगच 'बिकॉज', 'व्हेन', 'हू' यांनी ती जोडावीत. कच्च्या विटांवर मजला चढवू नये.

चौथी, एका वेळी एकाच प्रकारची चूक तपासावी. या आठवड्यात फक्त सहायक क्रियापदे, पुढच्या आठवड्यात उपपदे. लाल शाईने माखलेले पान पाहून कोणाचाही हात पुन्हा लेखणीकडे जात नाही.

पाचवी गोष्ट मर्यादेची. स्पष्टीकरण मराठीतून द्यावे, सराव मात्र इंग्रजीतूनच करून घ्यावा. तासभर मराठीत व्याकरण समजावले आणि विद्यार्थ्याने एकही इंग्रजी वाक्य उच्चारले नाही, तर तो तास मराठी व्याकरणाचा झाला. जुन्या भाषांतर पद्धतीचा दोष हाच होता. ती मुलांना लिहिते करी, बोलते करीत नसे. नियम समजल्यावर रोज एखादे पान मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही.

पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीच्या मोठ्या वर्गात हे सारे कसे जमावे, असा प्रश्न शिक्षक विचारतील. तो रास्त आहे. पण फळ्याचे दोन भाग करून एका बाजूला मराठी वाक्य लिहायला वेगळा निधी लागत नाही. हवी असते ती मराठी व्याकरणाची उजळणी, आणि ती इंग्रजीच्या शिक्षकाने स्वतः करायची आहे. इंग्रजी आणि मराठी हे विभाग एकाच आवारात असतात. त्यांनी वर्षातून काही तास एकत्र घेतले तर दोघांचाही लाभ होईल.

पणाला काय लागले आहे, हे विसरून चालणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर असतो. त्याचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, पण त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांचे गुण जमेसच धरत नाहीत. वर्षानुवर्षांचा अभ्यास त्या एका उंबरठ्यावर अडतो. आणि त्या पेपरात पांडित्य लागत नाही. लागतात ती साधी, सरळ, निर्दोष वाक्ये.

अंबडच्या त्या विद्यार्थ्याला 'गेला नाही' आणि 'डिड नॉट गो' यांतला फरक फळ्यावर दाखवला, तेव्हा तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, आमची चूक मराठीत बरोबरच होती." त्यानंतर त्याने ग्रंथालयाचा अर्ज स्वतः लिहिला. सात वाक्यांचा होता. त्यात एके ठिकाणी 'फॉर'ऐवजी 'सिन्स' राहिला होता. तो त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून दुरुस्त केला आणि अर्ज घेऊन एकटाच ग्रंथालयात गेला.